फाइल बंद केली, तरी 'उघडी आहे' म्हणते? चावी दुसऱ्याच्या खिशात असेल

पांढुर्णा : संत्र्याच्या हंगामात सौंसर भागातल्या एका व्यापाऱ्याच्या काट्यावर रोज रात्री एकच कटकट. दिवसभराच्या वजनपावत्यांची फाइल नाव बदलून ठेवायची, तर विंडोज म्हणे, ती दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे. "आम्ही तर सारं बंद केलं, मंग उघडी कोणापाशी?" मुनीमजींचा सवाल. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की काम होई, म्हणून कोणी खोलात गेलं नाही.

चोर निघाला पावती छापणारा छोटा प्रोग्राम.

भानगड अशी. फाइल उघडली की सिस्टम प्रोग्रामला एक हँडल देते, चावी समजा. त्याने मध्येच दुसरा प्रोग्राम सुरू केला, म्हणजे चाइल्ड प्रोसेस, की या चावीची नक्कल तिच्याकडेही जाऊ शकते. पोराला चहा आणायला पाठवलं नि गल्ल्याची चावीही सोबत गेली. मालकाने आपली चावी ठेवून दिली, तरी पोराची चालूच. इथे छपाईवाला मागे चालू राहायचा आणि फाइल अडकायची. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये फाइलचं नाव शोधलं की कोणी धरलीय ते दिसतं; लिनक्सवर हेच काम एलएसओएफ करतं.

फाइलच नाही, नेटवर्कचं पोर्टही असंच अडकतं. सर्व्हर बंद केला, पुन्हा लावला, तर 'पत्ता वापरात आहे'. कमी अधिकाराच्या प्रोग्रामच्या हाती गुप्त फाइलची चावी लागली तर धोका आणखी मोठा. वारसा मुळात वाईट नाही, एकाचं आउटपुट दुसऱ्याला देण्याची सोय त्यावरच चालते. पण सरसकट सारंच कशाला द्यायचं?

उपाय उघडतानाच करायचा. लिनक्समध्ये त्यासाठी ओ_क्लोएक्झेक ही खूण 2007 च्या 2.6.23 कर्नेलपासून आहे. आधी उघडून मग खूण लावली, तर मधल्या क्षणात दुसरा थ्रेड नवी प्रोसेस सुरू करू शकतो. विंडोजवर प्रोसेस सुरू करताना वारसा 'नाही' सांगता येतो. व्हिस्टापासून मोजक्याच हँडलची यादीही देता येते. पायथनने 3.4 पासून (2014) नवी हँडल आपोआप न जाणारी केली.

काट्याचा प्रोग्राम मात्र 2.7 चा, ज्याची देखभाल 1 जानेवारी 2020 लाच संपली. छपाई सुरू करणाऱ्या ओळीत 'क्लोज_एफडीज = ट्रू' एवढं जोडलं. रीस्टार्ट थांबला. नवी आवृत्ती "हंगाम झाल्यावर पाहू", असं मालक म्हणतात.