फळाला कागद गुंडाळणारे यंत्र

साबणाची वडी, चॉकलेटची पट्टी किंवा काडेपेट्यांचा गठ्ठा कागदात गुंडाळणारे यंत्र कसे चालत असेल, याची थोडीफार कल्पना आपण करू शकतो. वस्तू चौकोनी असते, प्रत्येक वडी दुसरीसारखीच असते, आणि कागदाला ठरावीक जागी ठरावीक घड्या पडल्या की काम होते. आता त्याच यंत्रापुढे संत्रे ठेवा. त्याला कडा नाही, कोपरा नाही. एक संत्रे दुसऱ्याइतके नाही. शिवाय ते जिवंत आहे. सालीला नखाएवढी जखम झाली तरी काही दिवसांत सडू शकते. माणसाची बोटे हे काम सहज करतात, पण यंत्राला ते जड जाते. असे का, हे पाहिले तर भूमिती, बुरशीशास्त्र आणि यंत्रशास्त्र यांची एकाच ठिकाणी गाठ पडते.

कागद कशासाठी?

अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संत्र्यांच्या बागा वाढल्या. १८७७ मध्ये लॉस एंजेलिसच्या वुल्फस्किल बागेतून संत्र्यांचा पहिला रेल्वे डबा सेंट लुईस शहराकडे गेला. पुढे फळे न्यूयॉर्कपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोमीटर दूर, जाऊ लागली. लाकडी पेट्यांत, हलत्या डब्यात, कित्येक दिवस प्रवास करणाऱ्या या फळांचा मोठा शत्रू म्हणजे पेनिसिलियम गटातील बुरशी.

संत्र्यावर या गटातील दोन बुरशा प्रामुख्याने आढळतात, एक हिरवी आणि दुसरी निळी. दोघींनाही आत शिरायला सहसा जखम लागते. निळ्या बुरशीची मात्र आणखी एक खोड आहे. सडलेल्या फळाला चिकटून असलेल्या चांगल्या फळात ती केवळ स्पर्शाने शिरू शकते. एका फळापासून सुरुवात होऊन पेटीत सडक्या फळांचे घरटेच तयार होते. प्रत्येक फळाभोवती पातळ कागद असेल तर हा स्पर्श तुटतो. कागद सडलेल्या फळाचा रस टिपून घेतो, बीजाणूंना काही प्रमाणात अडवतो, आणि धक्क्यांत साल सालीवर घासू देत नाही. त्यावर बागायतदारांच्या संघाचे नावही छापता येते. म्हणजे एकाच कागदाकडे अनेक कामे होती. हा मुद्दा लक्षात ठेवू. पुढे तो उपयोगी पडेल.

बोटांचे कसब

हे गुंडाळण्याचे काम पॅकिंग गृहांत मुख्यतः स्त्रिया करीत. मजुरी बहुधा पेटीवर मिळे. एका हाताच्या बोटावर रबरी टोपी चढवलेली असे, म्हणजे गठ्ठ्यातला नेमका एकच कागद उचलला जाई. दुसऱ्या हाताने फळ कागदात टाकायचे, मनगटाला झटका देऊन पीळ द्यायचा, आणि पिळाची बाजू दाबली जाईल अशा रीतीने फळ पेटीत बसवायचे.

एका पेटीत किती फळे बसतात, यावरून फळाचा आकार ओळखला जाई. लहान फळे असली तर संख्या मोठी. १७६ फळांची एक पेटी धरू. समजा, एका स्त्रीने आठ तासांत अशा ५० पेट्या भरल्या. म्हणजे ८,८०० फळे, आणि प्रत्येक फळाला सव्वातीन सेकंदांच्या आसपास वेळ. एवढ्या वेळात कागद उचलणे, गुंडाळणे, पिळणे आणि रचणे ही चारही कामे व्हायची. या गतीशी स्पर्धा करणारे यंत्र करायचे होते.

सपाट कागद आणि गोल फळ

पहिली अडचण भूमितीची. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, सपाट पृष्ठभाग न ताणता, न फाडता आणि न चुरगळता गोलावर बसवता येत नाही. पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर काढताना देशांचे आकार किंवा क्षेत्रफळे बिघडतात, त्यामागचे कारणही हेच.

साडेसात सेंटिमीटर व्यासाचे संत्रे घेऊ. त्याचा परीघ सुमारे २३.६ सेंटिमीटर. फळ कागदाच्या मध्यावर ठेवून सगळ्या कडा माथ्यावर एकत्र आणायच्या, तर चौरसाची बाजू निदान परिघाएवढी हवी; पिळासाठी थोडा कागद जास्त धरला तर सुमारे २५ सेंटिमीटर. या कागदाचे क्षेत्रफळ ६२५ चौरस सेंटिमीटर, तर फळाच्या सालीचे सुमारे १७७. म्हणजे कागद सालीच्या साडेतीन पट!

हा जादा कागद सुरकुत्यांत जातो. कागदाच्या मध्यापासून पाव परीघ, म्हणजे ५.९ सेंटिमीटर अंतरावर एक वर्तुळ काढा. त्याची लांबी ३७ सेंटिमीटर भरते. गुंडाळल्यावर हेच वर्तुळ फळाच्या विषुववृत्तावर येते, आणि तेथे जागा आहे फक्त २३.६ सेंटिमीटर. उरलेले १३.४ सेंटिमीटर चुण्यांत गेलेच पाहिजेत. बोटे या चुण्या न बघता सारख्या करतात. यंत्राला मात्र चुणी कोठे पडेल ते आधी ठाऊक नसते. म्हणून चुणी कोठेही पडली तरी बिघडणार नाही, अशी रचना करावी लागते.

यंत्राची चार कामे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत फळे गुंडाळण्याच्या यंत्रांची पेटंटे घेतली गेली. तपशिलात ही यंत्रे वेगवेगळी असली, तरी अशा कोणत्याही यंत्राला चार कामे पार पाडावी लागतात.

पहिले काम, एका वेळी एकच फळ पुढे आणणे. त्यासाठी फिरत्या साखळीवर किंवा चाकावर वाटीसारखे खळगे असतात.

दुसरे काम, एकच कागद आणणे. ऐकायला सोपे वाटणारे हे काम मोठे किचकट आहे. पातळ कागद एकमेकांना चिकटतात, दमट हवेत लोळागोळा होतात, कोरड्या हवेत स्थिरविद्युतमुळे ओढले जातात. हवा शोषणाऱ्या नळीने वरचा कागद उचलणे हा यावर एक उपाय. कागदाची गुंडाळीच लावून हवा तेवढा तुकडा यंत्रातच कापणे हा दुसरा.

तिसरे काम, फळ कागदात घालणे. कागद एका गोल कड्यावर पसरतात आणि दट्ट्या फळाला कागदासकट कड्यातून ढकलतो. कड्यातून जाताना कागद आपोआप चहूबाजूंनी फळावर मिटतो. चुण्या कोठे पडतात याची फिकीर करावी लागत नाही.

चौथे काम, पीळ देणे. पंजा मिटून कागदाची टोके धरतो आणि गर्रकन फिरतो. पीळ कमी पडला तर कागद उलगडतो, जास्त झाला तर फाटतो. ठरावीक जोर झाला की निसटेल अशी घर्षणावर चालणारी पकड येथे उपयोगी पडते.

या चारही पायऱ्यांत फळाचा आकार आडवा येतो. कडे मोठे तर लहान फळावर कागद ढिला, कडे लहान तर मोठ्या फळाची साल दुखावते. यंत्र एका मापावर लावले तरच नीट चालते. म्हणून गुंडाळण्याच्या आधी फळांची आकारानुसार निवड करणे भाग पडते.

निवडीची युक्ती गमतीची आहे. एक लांब फिरता रूळ आणि शेजारी सरकणारा पट्टा यांच्यामध्ये फट ठेवायची आणि ती हळूहळू रुंद करत न्यायची. फळ गडगडत पुढे जाते आणि फट त्याच्या व्यासाएवढी झाली की खाली पडते. मोजपट्टी न लावता मापन होते. अशी निवडयंत्रे बनविणारे रिव्हरसाइड गावचे फ्रेड स्टेबलर आणि जॉर्ज पार्कर यांच्यात पेटंटांवरून न्यायालयीन झगडे झाले, आणि पुढे त्याच दोघांच्या नावाने स्टेबलर-पार्कर ही एकत्र कंपनी उभी राहिली.

कागदाची कामे वाटली गेली

दरम्यान दुसरीकडे वेगळाच प्रश्न विचारला जात होता. फळ सडते तरी का? अमेरिकेच्या कृषी खात्यातील जी. हॅरोल्ड पॉवेल यांनी १९०४ पासून संत्र्यांच्या सडण्याचा अभ्यास केला. तोडणीच्या कात्रीची टोके, राहून गेलेले देठ, निष्काळजी हाताळणी यांमुळे सालीला जखमा होतात आणि बुरशी तेथून शिरते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा अहवाल १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. कागद सडण्याचा प्रसार थांबवतो, पण सडण्याची सुरुवात बागेतच होते, हा त्याचा अर्थ.

मग कागदाची एकेक कामे दुसऱ्यांकडे जाऊ लागली. फळे टाकणखाराच्या, म्हणजे बोरॅक्सच्या पाण्यात धुण्याची पद्धत आली. तिचे पेटंट असलेल्या ब्रॉग्डेक्स कंपनीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. बोरॅक्स लावले तरी संत्रे हे संत्रेच राहते, ती नवी बनविलेली वस्तू होत नाही, असा निकाल १९३१ मध्ये लागला. सालीवर मेणाचा पातळ थर देऊन पाणी उडून जाणे कमी करता येऊ लागले. कागदावरचे ‘सनकिस्ट’ हे नाव कागद काढला की नाहीसे होई; १९२६ पासून ते सरळ फळावर छापले जाऊ लागले. १९५० च्या दशकात लाकडी पेटीची जागा पुठ्ठ्याच्या खोक्याने घेतली.

सफरचंदाच्या बाबतीत कागदाला उलट नवे काम मिळाले. साठवणीत सफरचंदाची साल तपकिरी होते. ब्रूक्स, कूली व फिशर या अमेरिकी संशोधकांना आढळले की, खनिज तेलात भिजवलेला कागद गुंडाळला तर हा दोष कमी होतो. फळातून बाहेर पडणारी बाष्पे तेल शोषून घेते. त्या बाष्पांतील फार्नेसीन हा पदार्थ व त्याचे ऑक्सिडीकरण यांचा या दोषाशी असलेला संबंध १९६० च्या दशकात स्पष्ट झाला.

म्हणजे बोटांची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र हा संत्र्याच्या प्रश्नाचा एक मार्ग होता. कागद नेमके काय करतो ते समजून घेऊन प्रत्येक काम वेगळ्या रीतीने करणे हा दुसरा मार्ग, आणि कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बाबतीत तोच पुढे गेला. फळ गुंडाळणाऱ्या स्त्रियांचे कसबही गुंडाळण्याबरोबरच मागे पडले. त्यांच्या सव्वातीन सेकंदांना यंत्राने हरवायची वेळच फारशी आली नाही. आजही काही ठिकाणी नाशपाती व संत्री कागदात गुंडाळलेली मिळतात; तेथे कागदाची कोणती कामे शिल्लक राहिली असतील?

वर्गात करून पाहा

एक लिंबू, एक मोसंबे आणि एक चेंडू घ्या. दोऱ्याने प्रत्येकाचा परीघ मोजा. परिघाएवढ्या बाजूचा पतंगाच्या कागदाचा चौरस कापून वस्तू गुंडाळा. मग बाजू दोन सेंटिमीटरने कमी व जास्त करून पाहा. कोणता कागद पिळता येतो आणि कोणता निसटतो?

नंतर बुरशी आलेले एक लिंबू पारदर्शक डब्यात ठेवा. त्याला टेकवून एका बाजूला उघडे आणि दुसऱ्या बाजूला कागदात गुंडाळलेले चांगले लिंबू ठेवा. झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि आठवडाभर बाहेरूनच निरीक्षणे लिहा. डबा वर्गात उघडू नका. बीजाणूंचा काहींना त्रास होतो. प्रयोग संपल्यावर डबा न उघडता तसाच टाकून द्या. एका डब्यावरून निष्कर्ष काढायचा का, की असे आणखी डबे लावायचे, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.