किलोमीटरमागे एक रुपया

बंगळूरहून सायकलने कन्याकुमारीला जाण्याचे ठरविलेला एखादा तरुण आपल्या ओळखीच्यांना पत्र पाठवितो: ‘अमुक दिवशी मी निघत आहे. मी जितके किलोमीटर जाईन तितके रुपये आपण अमुक रुग्णालयाला द्यावेत.’ पत्र वाचून व्यवहारी माणसाच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. रुग्णालयाला पैसे हवे आहेत, तर ते सरळ द्यावेत. त्यासाठी कोणी उन्हातान्हात सायकल चालविण्याचे कारण काय? याच्या पायांत गोळे आले म्हणून तिकडे रोग्याला औषध मिळते काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठीच हे भाषण आहे.

अशा प्रवासांची चर्चा बंगळूरच्या संदर्भात करणे सोयीचे आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा महामार्ग आणि दिल्लीहून मुंबई-पुण्यावरून चेन्नईकडे जाणारा महामार्ग, हे दोन्ही या शहरात येतात. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर सुमारे ३,७०० किलोमीटर आहे. ते सायकलने कापणारा प्रवासी बंगळूरला पोहोचला की त्याचे जवळजवळ चार पंचमांश अंतर संपलेले असते. शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच असल्याने हवा सौम्य, आणि साठ किलोमीटरांवर नंदीदुर्गाचा वळणावळणाचा चढ सरावाला तयार. अशा ठिकाणी सायकलस्वारांचे मेळे जमले नसते तरच नवल. २००८ साली येथल्याच ‘राइड अ सायकल फाउंडेशन’ने ‘टूर ऑफ नीलगिरीज’ हा दौरा सुरू केला. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या तीन राज्यांतून आठवडाभर चालणाऱ्या या दौऱ्यात मसिनगुडीहून उदकमंडलम्‌कडे चढणारा कल्हट्टीचा घाट लागतो. त्याला छत्तीस तीव्र वळणे आहेत. या दौऱ्याशी लोकोपयोगी कामांसाठी निधी जमविण्याची प्रथाही जोडली गेली.

आता आपल्या कल्पित तरुणाबरोबर थोडे जाऊन पाहू. बंगळूर ते कन्याकुमारी हा रस्ता सुमारे ६८० किलोमीटरांचा आहे. होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी, सेलम, करूर, दिंडिगल, मदुराई, तिरुनेलवेली अशी गावे घेत तो जातो. दररोज १३५ किलोमीटर धरले तर पाच दिवस लागतात. पठारावरून समुद्राकडे उतरावयाचे म्हणजे काम सोपे, असे नकाशा पाहून वाटते. परंतु धर्मपुरी ओलांडल्यावर तोप्पूरचा उतार येतो, आणि तेथे मालमोटारींचे ब्रेक निकामी होऊन अपघात घडल्याचा लौकिक आहे. चढावर दमणारा सायकलस्वार अशा उतारावर अधिक सावध असावा लागतो. शेवटच्या दिवशी तिरुनेलवेलीच्या पुढे मुप्पंदलच्या खिंडीत पवनचक्क्यांचे रानच उभे आहे. जेथे इतक्या पवनचक्क्या, तेथे वारा किती असेल हे वेगळे सांगावयास नको. नैऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत तो पश्चिमेकडून इतक्या जोराने येतो की सायकल सरळ ठेवणे हेच काम होऊन बसते.

वाऱ्याचे गणित मोठे निष्ठुर असते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. म्हणूनच लांबच्या पल्ल्याचा जाणता स्वार घाई करीत नाही. तो ताशी अठरा-वीस किलोमीटरांची चाल धरून राहतो. या चालीनेही किलोमीटरमागे साधारण २० ते २५ कॅलरी खर्च होतात. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासाला तीन हजारांच्या घरात कॅलरी लागतात. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या आहाराहूनही हे अधिक झाले. घामाबरोबर मीठही जाते. नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण उतरून भोवळ येते. त्यापेक्षा मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत बरे.

एवढे श्रम झाले, तरी त्यातून एक पैसाही निर्माण झालेला नाही, हे लक्षात घ्यावे. शेतकऱ्याच्या श्रमातून धान्य येते, विणकराच्या श्रमातून कापड. या स्वाराच्या श्रमातून येते ती केवळ साक्ष. ‘या कामासाठी मी माझे पाच दिवस आणि माझे शरीर खर्च केले, आपण ६८० रुपये द्याल काय?’ असे तो विचारतो, आणि ऐकणाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. जो मागतो त्याने आधी स्वतः काही दिलेले असावे, ही आपल्याकडील जुनीच रीत आहे.

या साक्षीचे बळ केवढे असते, याचे उदाहरण कॅनडात घडले. टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय कर्करोगामुळे १९७७ मध्ये कापावा लागला होता. १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पाय लावून तो देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावत निघाला. कर्करोगाच्या संशोधनासाठी त्याने प्रत्येक देशबांधवाकडे एक डॉलर मागितला. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. पुढे रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. दुसऱ्या किनाऱ्यावर तो पोहोचला नाही. तरीही १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमले. म्हणजे माणशी एक डॉलर! त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे निधन झाले.

आपल्या मराठी माणसांनीही अशा वाटा तुडविल्या आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत उतरले. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि मुदत नऊ दिवसांची. एकाने चालवावी, दुसऱ्याने तेवढ्यात विसावावे, अशा पाळीने त्यांनी ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. संघाचे नाव ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’. आदिवासींच्या नेत्रोपचाराचे काम लोकांपुढे यावे हा त्यामागील हेतू.

बाबा आमटे यांनी मागितलेले दान निराळ्या जातीचे होते. १९८५ च्या डिसेंबरात ‘भारत जोडो’ची हाक देऊन ते शंभराहून अधिक तरुण-तरुणींसह कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर होते. मणक्याच्या व्याधीने बसणेही अशक्य झालेले बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत होते. पाच हजारांहून अधिक किलोमीटरांच्या त्या प्रवासात त्यांनी एकमेकांविषयीचा विश्वास मागितला. त्याची मोजदाद कोणत्या वहीत करावयाची? जेथे पैसा मागितला जातो तेथे मात्र मोजदाद करता येते, आणि म्हणून ती केलीच पाहिजे.

येथे विनोबांच्या भूदान पदयात्रेची आठवण होते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले दान मिळाले, आणि पुढे विनोबा वर्षानुवर्षे देशभर चालत राहिले. १९५७ च्या सप्टेंबरात म्हैसूरजवळच्या येलवाल येथे भरलेल्या ग्रामदान परिषदेस पंडित नेहरूंसह देशातील अनेक नेते आले होते. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे झाली. परंतु त्यातील फार मोठी जमीन भूमिहीनांच्या हाती पोहोचली नाही. काही नापीक निघाली, काही वादात अडकली, काहींच्या कागदपत्रांची पूर्तता झाली नाही. चालणाऱ्याच्या तपश्चर्येत उणे नव्हते. देणाऱ्याचा शब्द आणि घेणाऱ्याचा हात यांमधले अंतर कापावयाचे राहिले. एवढ्या थोर पुरुषाच्या यात्रेतही हे अंतर उरले, तर पाच दिवसांच्या सायकलफेरीने किती जपावे!

म्हणून थोडा हिशेब मांडू. समजा, दोनशे लोकांनी किलोमीटरमागे एक रुपया कबूल केला. ६८० किलोमीटरांचे १,३६,००० रुपये झाले. सोबतची मोटार, तिचे इंधन, मुक्काम, जेवण आणि परतीचे भाडे मिळून साठ हजार रुपये लागले असे धरू. हे साठ हजार जमलेल्या निधीतून गेले, तर दात्याच्या रुपयातले चव्वेचाळीस पैसे रुग्णालयाऐवजी रस्त्यावरच संपले. अशा प्रवासाला सहल म्हणण्यास हरकत नाही; दान म्हणताना मात्र जीभ अडखळावी. स्वाराने आपला खर्च आपण सोसला, किंवा त्यासाठी वेगळा आणि उघड आश्रयदाता मिळविला, तरच देणगीदाराचा रुपया पूर्ण रुपया म्हणून पोहोचतो.

देणगीदाराने चार गोष्टी विचारून घ्याव्यात. पैसा कोणत्या संस्थेला, कोणत्या कामासाठी जाणार? तो थेट संस्थेच्या खात्यावर जमा होऊन पावती मिळणार काय? प्रवासाचा खर्च कोण करतो? आणि प्रवास अर्ध्यावर थांबला तर कबूल केलेल्या रकमेचे काय? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सगळे अंतर पुरे झाले तरच पैसे, अशी अट असली की तापाने फणफणलेला किंवा गुडघा सुजलेला माणूसही महामार्गावर सायकल रेटीत राहतो. कोणाचा जीव वाचविण्यासाठी काढलेल्या निधीपायी दुसऱ्याचा जीव टांगणीला लागावा, हे कोणत्याही दात्याला आवडणार नाही. तेव्हा देणाऱ्याने आधीच सांगावे: ‘तू कोठेही थांबलास तरी माझी रक्कम पूर्ण आहे.’ टेरी फॉक्स थांबला तेव्हा कॅनडाने हेच केले.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. सरळ पैसे देणे केव्हाही उत्तमच. ज्याला ते साधते त्याने सायकलची वाट पाहू नये. परंतु आपल्यापैकी बहुतेकांना सत्कार्य ठाऊक असते आणि तरी हात खिशाकडे जात नाही. कोणीतरी आपल्यासाठी घाम गाळून दारी येतो, तेव्हा तो हात हलतो. सायकलस्वाराची कामगिरी एवढीच, आणि ती लहान नाही. मात्र कन्याकुमारीला समुद्र दिसला म्हणजे त्याचा प्रवास संपला असे त्याने समजू नये. बंगळूरला परत आल्यावर दोनशे दात्यांना जमाखर्चाचा कागद आणि पावती पोहोचविणे, हा त्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम आहे. तो गाठला, तर पुढच्या वर्षी दुसरा कोणी निघेल तेव्हा त्याच्या पत्रावर लोक विश्वास ठेवतील.