मोठेपणी पाठीचा बाक सरळ होतो का?

हा प्रश्न मला बार्शीटाकळीच्या स्टेशनावर विचारला गेला. अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीला अवकाश होता. बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या, वय चाळिशीच्या थोडे पुढे. पाठीच्या मध्यावर लुगड्याखालून स्पष्ट दिसणारा टोकदार उंचवटा. मी काहीसा शिकलासवरला दिसतो असे वाटून त्यांनी विचारले, "भाऊ, वाकलेली पाठ आता आपरेशननं सरळ करतात म्हनतात. खरं हाय का जी?"

सोबतचा मुलगा लाजला. "माय, कोनालेही काय इचारतं वं!"

पण बाई थांबल्या नाहीत. आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांना बारीक ताप येई, पाठ दुखे, रात्री झोपेत किंचाळून उठत. कित्येक महिने खाटेवर काढले. मग अकोल्याची औषधे लागू पडली, दुखणे गेले, कुबड मात्र राहिले. त्याच पाठीने लग्न झाले, दोन बाळंतपणे झाली, तीस वर्षे निंदण आणि कापसाची वेचणी झाली. गावानेही कुबड पाहायचे सोडून दिले होते. मग आता इतक्या वर्षांनी ऑपरेशनचा विचार कशाला?

"पायातली चप्पल निसटते अन् मले समजतच नाही," त्या म्हणाल्या. "मांगून कोनी हाक मारली का मंग कळते."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहीत आहे. घरातल्या कोणाला जुने कुबड असेल आणि त्या माणसाची चप्पल नकळत निसटू लागली, चालताना पाय ताठ पडू लागले, अंधारात तोल जाऊ लागला, किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर पेरणी-वेचणी आटोपेपर्यंत थांबू नका. असे का, ते आता सांगतो.

बार्शीटाकळीचे देवीचे जुने दगडी देऊळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तिथला शिलालेख शके १०९८ चा आहे. इतकी शतके ते दगड उभे राहिले, कारण एकाचा भार सरळ खालच्या दगडावर उतरतो. आपल्या पाठीच्या कण्याचेही तसेच आहे. मानेपासून कमरेपर्यंत चोवीस सुटे मणके एकावर एक बसलेले असतात आणि त्यांच्या मागच्या पोकळ नळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. देवळात आणि कण्यात फरक एवढाच की दगड ढळला तर भिंत फुगते. मणका ढळला तर आतल्या मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, आणि पायांना हुकूम देणारी तार तीच.

मोठ्या माणसाची पाठ वाकण्याची कारणे एकसारखी नसतात. काहींच्या कण्याला वयात येताना बाजूला बाक येतो आणि तो तसाच राहतो. तो पन्नास अंशांच्या पुढे असला तर वाढ थांबल्यावरही वर्षाला साधारण एखाद्या अंशाने वाढत राहण्याचा संभव असतो. काहींची पाठ साठीनंतर मणक्यांमधल्या गाद्या झिजून एका अंगाला कलते. काही तरुणांचे मणके सांधेदुखीच्या एका विशिष्ट रोगात एकमेकांना चिकटतात आणि माणूस इतका वाकतो की समोरच्याचे तोंडही नीट दिसत नाही. म्हाताऱ्या बायकांची हाडे ठिसूळ होऊन मणके चेपतात. शेतात वाकून काम केल्याने कुबड येते असे आपल्याकडे सर्रास म्हणतात, ते बरोबर नाही. कामाने पाठ दुखते, आखडते. पण टोकदार कुबड आले तर त्याखाली दुसरे काहीतरी असते.

आपल्या भागात हे ‘दुसरे काहीतरी’ पुष्कळदा क्षयरोग असतो. क्षय म्हणजे खोकला आणि रक्त एवढेच आपल्याला ठाऊक. पण तेच जंतू रक्तातून मणक्यात जातात, मणक्याचा पुढचा भाग पोखरतात, आणि वरचा मणका खालच्यावर पुढे कोसळतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर त्याला पॉटचा रोग म्हणतात. बनारसचे डॉ. तुली यांनी १९७५ साली दाखवून दिले की बहुतेक रोगी औषधांनीच बरे होतात. ऑपरेशन फक्त ज्याला खरोखर लागेल त्याचेच करावे. आजही मणक्याच्या क्षयाला निदान बारा महिने औषध घ्यावे लागते. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि उपचार चालू असताना सकस आहारासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत.

मात्र रोग बरा झाला म्हणजे पाठ सुटली असे नव्हे. कोइंबतूरचे डॉ. राजशेखरन यांनी लहानपणी मणक्याचा क्षय झालेल्या मुलांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला. जंतू मेल्यानंतरही शंभरातल्या सुमारे चाळीस मुलांचे कुबड वाढीच्या वयात वाढतच गेले. म्हणून क्षय बरा झालेल्या लेकराला वाढ पुरी होईपर्यंत दरवर्षी दाखवायला न्यावे. कुबड साठ अंशांच्या पुढे गेले, तर वीस-तीस वर्षांनीसुद्धा मज्जारज्जू त्या टोकावर ताणून दबू शकतो. स्टेशनावरच्या बाईंचे असेच झाले होते. जंतू केव्हाच मेले होते, पण वाकडी भिंत उभीच होती.

श्रीकृष्णाने मथुरेत कुब्जेचे कुबड एका झटक्यात सरळ केले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. शल्यवैद्यांना त्यासाठी फार वर्षे लागली. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरी डॉ. हॅरिंग्टन यांनी पोलिओने वाकलेल्या मुलांच्या कण्याला पोलादी सळई लावली, तो काळ १९५० नंतरचा. सळई वर आणि खाली अशी दोनच ठिकाणी अडकवलेली असे. आता बहुधा मणक्यामणक्यात दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवतात आणि त्यांना दोन सळया जोडतात. लहान मुलाचा कणा ओल्या फांदीसारखा लवतो. मोठ्याचा वाळलेला असतो. तो नुसता ओढून येत नाही. कुबडाच्या टोकाशी पाचरीच्या आकाराचे हाड कापून काढावे लागते आणि ती फट मिटवत पाठ हळूहळू उभी करावी लागते. मग त्या भागात हाडाचे तुकडे पेरतात, म्हणजे पुढे सगळे मणके मिळून एकसंध हाड होते. सळई ही तोवरची टेकू. हाड जुळले नाही तर एक दिवस सळईच मोडते.

हे सारे मज्जारज्जूच्या अगदी अंगाला लागून चालते. पूर्वी ऑपरेशनच्या मध्येच भूल हलकी करून रोग्याला "पाय हलवा" असे सांगत आणि पाय हलले की पुढचे काम करीत. आता विजेच्या यंत्राने पायापर्यंतचे संदेश सतत तपासता येतात. यंत्राने इशारा दिला की डॉक्टर हात आवरता घेतात.

बाईंचा पुढचा प्रश्न अर्थातच होता, "अन् पायच गेले तं?"

खोटा धीर देण्यात अर्थ नाही. अवघड बाक असलेल्या सुमारे २७० प्रौढ रोग्यांची अनेक देशांतली पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. दवाखान्यातून घरी जाताना पाचातल्या एकाहून थोड्या अधिक रोग्यांच्या पायांची ताकद आधीपेक्षा कमी झालेली होती. सहा महिन्यांनी हे प्रमाण दहातल्या एकावर आले. शिवाय रक्त पुष्कळ जाते, जखमेत पू होऊ शकतो, पुन्हा ऑपरेशनची पाळी येते. बिडी ओढणाऱ्याचे हाड नीट जुळत नाही, म्हणून महिने-दोन महिने आधीच ती सोडायला लावतात. साखर ताब्यात नसेल, हाडे ठिसूळ असतील, तर आधी त्याचा इलाज.

म्हणूनच नुसते दिसायला बरे वाटावे म्हणून चाळिशीत हे ऑपरेशन करून घेऊ नये, असे माझे मत आहे. पाय निकामी होऊ लागले असतील, बाक वाढतोच आहे असे दोन एक्स-रे शेजारी ठेवून दिसत असेल, धाप लागत असेल, किंवा दुखण्यामुळे दहा पावले चालवत नसेल, तर गोष्ट वेगळी. त्यासाठीच जुने एक्स-रे टाकून देऊ नका. ट्रंकेच्या तळाशी ठेवा.

आणखी एक गोष्ट शेतकरी घराने डॉक्टरांना मुद्दाम विचारावी : कोणते मणके जोडणार? जोडलेला भाग पुन्हा कधीच वाकत नाही. पाठीच्या वरच्या भागात जोडले तर फारसे अडत नाही. पण जोड थेट कमरेच्या हाडापर्यंत गेला, तर उकिडवे बसणे, खाली बसून भाकरी थापणे, निंदणे, सगळेच अवघड. शहरातल्या माणसाला याचे फारसे वाटत नाही. आपल्याला वाटते.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला गाठा, आणि आपले ऑपरेशन योजनेत बसते का ते दाखल होण्यापूर्वी विचारा. विदर्भात आणखी एक दार आहे. मुंबईचे डॉ. शेखर भोजराज यांनी १९९८ साली स्पाइन फाउंडेशन सुरू केले. त्यांचे शल्यवैद्य गडचिरोलीला, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या दवाखान्यात जाऊन पाठीचे रोगी तपासतात आणि ऑपरेशनेही करतात.

बाईंचे ऑपरेशन नागपूरला झाले. वर्षभराने मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. कुबड पुरते गेलेले नाही. निम्म्याहून कमी राहिले आहे. पहिले तीन महिने पायांना मुंग्या येत, रात्री झोप नसे, आणि "कावून केलं मी हे" असे त्या रडत म्हणत. सहा महिने सुनेने घर आणि मुलाने वावर सांभाळले, दोन बकऱ्या विकाव्या लागल्या. आता त्या गावातून एकट्या फिरतात. उभ्याने कापूस वेचता येतो, निंदण जमत नाही, आणि पाण्याची गुंडी उचलायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

"मंग पानी कोन आनते?" मी विचारले.

त्यांनी हसून आत बोट दाखवले. घरधनी खांद्यावर गुंडी घेऊन मागच्या दाराने येत होते.