ऋषीची भाजी आणि परसातला वाफा

भाद्रपद शुद्ध पंचमी ही ऋषिपंचमी. आदल्या दिवशी घरोघर श्रीगणेशाची स्थापना झालेली असते. पंचमीस कश्यप, अत्रि, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी व वसिष्ठ हे सप्तर्षी आणि त्यांच्यासमवेत देवी अरुंधती यांचे पूजन होते. या दिवशीच्या भोजनाचा नियम मात्र इतर व्रतांहून वेगळा आहे. एरवीच्या उपवासात अमुक धान्य वर्ज्य, तमुक फळ ग्राह्य, असा पदार्थाचा विचार असतो. येथे श्रमाचा विचार आहे. बैलाच्या कष्टाने पिकलेले काहीही या दिवशी पानात वाढावयाचे नाही. म्हणून पोळी नाही, भाकरी नाही, तुरीचे वरण नाही. नांगर न लावता, माणसाच्या हातांनी जे पिकले तेवढेच खावयाचे. धोपा, अंबाडी, माठ, दोडके, पडवळ, भेंडी, कोहळे, सुरण, मक्याचे कणीस यांची एकत्र शिजवलेली भाजी ती ऋषीची भाजी.

आज या व्रताची तयारी बहुतेक घरी चतुर्थीच्या सायंकाळी बाजारात होते. सर्व भाज्यांचे थोडे थोडे तुकडे एकत्र बांधून मिळतात. दर चढा असला तरी गृहिणी ते श्रद्धेने घेतात. परंतु त्या भाजीखालची जमीन कोणी नांगरली, पाणी कोणी दिले, हे विचारण्याची सोय तेथे नसते. नियमाचे अक्षर पाळले जाते आणि आशय बाजारातच राहतो. हे व्रत पंचमीला पूर्ण होते हे खरे. पण त्याचा संकल्प मृग नक्षत्रावर, आपल्याच परसातल्या वाफ्यात सोडावा लागतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

कथा आपल्या विदर्भातली

ऋषिपंचमीची पुराणोक्त कथा विदर्भ देशात घडते, ही गोष्ट आपल्या भागातील वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. श्येनजित राजाच्या राज्यात सुमित्र नावाचा कृषिकर्म करणारा ब्राह्मण आणि त्याची पत्नी जयश्री राहत असत. मरणोत्तर ती दोघे आपल्या मुलाच्याच घरी जन्मास आली, तो बैल होऊन आणि ती कुत्री होऊन. पुढे श्राद्धाच्या दिवशी सर्पाने खिरीत विष टाकलेले कुत्रीने पाहिले आणि कोणाचा जीव जाऊ नये म्हणून ती खीर तिने बाटवली. त्याबद्दल तिला सुनेचा मार मिळाला. रात्री गोठ्यात तिने आपले दुःख सांगितले, तेव्हा बैल म्हणाला की आज मलाही तोंड बांधून दिवसभर नांगराला जुंपले. माझ्याच श्राद्धाच्या दिवशी मी उपाशी आहे. मुलाने हे ऐकले. त्याने दोघांना खाऊ घातले, अरण्यात जाऊन ऋषींना उपाय विचारला आणि त्यांनी हे व्रत सांगितले.

जयश्रीच्या पुनर्जन्माचे कारण म्हणून कथेत रजस्वलेच्या स्पर्शास्पर्शाचा दोष सांगितला आहे. स्त्रीदेहाच्या स्वाभाविक धर्मास पातक मानणे आजच्या विवेकी गृहस्थास पटणार नाही आणि पटूही नये. कीर्तनात हे स्पष्टपणे सांगावे, असे माझे मत आहे. परंतु तेवढ्यासाठी सारी कथाच टाकून दिली तर तिच्याबरोबर तो तोंड बांधलेला उपाशी बैलही नजरेआड होतो. कथेचा जिवंत गाभा त्या गोठ्यात आहे. ज्याच्या मानेवर आपले अन्न पिकते तो आपला बापही असू शकेल, ही जाणीव ती देते.

‘कृषिपराशर’ या जुन्या ग्रंथातही हीच दृष्टी आहे. वाहणाऱ्या जनावरास पीडा होणार नाही अशा रीतीने शेती करावी, असे तो सांगतो. आठ बैलांचा नांगर त्याने धर्म्य मानला आहे, सहांचा व्यवहारी माणसाचा, चारांचा निर्दयाचा; आणि दोनच बैलांवर नांगर हाकणाऱ्यास तर त्याने गोभक्षकांच्या पंक्तीस बसवले आहे. आपल्याकडे श्रावणी अमावास्येस पोळा होतो, बैलाचे खांदे शेकले जातात, त्याला पुरणपोळीचा घास दिला जातो. त्यानंतर पाचव्या तिथीस ऋषिपंचमी येते. पोळ्याला बैलाला विश्रांती द्यावयाची आणि पंचमीला त्याच्या श्रमावाचून एक दिवस जगून दाखवावयाचे, असा हा क्रम आहे.

कोणी म्हणेल, आता शेतात ट्रॅक्टर आला, बैल थोडे उरले. मग नियमाला अर्थ काय? उत्तर शास्त्रातच आहे. नांगरलेल्या भूमीतील अन्न वानप्रस्थाने खाऊ नये, असे मनुस्मृती सांगते. वर्षातून एक दिवस गृहस्थाने वानप्रस्थ व्हावे, आपल्या पानातील अन्नासाठी दुसऱ्या कोणावर भार टाकू नये, असा हा नियम आहे. तो भार बैलावर पडो वा यंत्रावर, आपले हात रिकामेच राहिले तर व्रत कसले?

वत्स आणि गुल्म

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. वाशीम येथेच सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात हे नाव आहे. स्थलमाहात्म्य ते वत्स ऋषींच्या तपश्चर्येशी जोडते. वत्स गोत्राच्या प्रवरात जमदग्नींचा समावेश आहे आणि जमदग्नी तर पंचमीच्या पूजेतील सातांपैकी एक. ‘गुल्म’ या शब्दाचा एक अर्थ झुडूप, झाडोऱ्याचा पुंजका. गावाच्या नावातच एक ऋषी आणि एक हिरवा पुंजका असावा, हा योग सुंदर आहे.

आजच्या जिल्ह्याकडे पाहिले तर हा पुंजका घरामागून नाहीसा होत चालला आहे. कीर्तनाच्या निमित्ताने खेड्यांत फिरताना दिसते, की सोयाबीनची हिरवी चादर थेट गावाच्या वेशीपर्यंत येते आणि त्याच गावातली बाई मेथीच्या जुडीसाठी आठवडी बाजाराची वाट पाहते. २०१८ साली नीती आयोगाने देशातील जे आकांक्षित जिल्हे निवडले त्यांत महाराष्ट्रातील चार होते, नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचे उस्मानाबाद आणि आपला वाशीम. आरोग्य व पोषण हा त्या मूल्यमापनाचा एक मुख्य भाग होता. रोज लेकरांच्या ताटात हिरवी भाजी पडणे हा म्हणूनच येथे हौसेचा विषय नाही.

पूर्वसूरींनी घरच्या भाजीला गौण मानले नव्हते. कौटिल्याने विहिरीच्या कडेची जमीन भाज्या व कंदमुळांसाठी योग्य ठरवली. वात्स्यायनांनी गृहिणीच्या कर्तव्यांत मुळा, पालक, काकडी, वांगी, कोहळा, दुधी, सुरण, लसूण, कांदा यांचे बी वेळच्या वेळी धरून ठेवणे व पेरणे हे घातले आणि बागेच्या मध्यभागी विहीर असावी असे सांगितले. इ. स. १२९५ मध्ये समाधिस्थ झालेल्या अरणच्या सावतोबांना तर मळा सोडून पंढरीस जाण्याची गरजच वाटली नाही.

पंचमीपासून मागे मोजावे

मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेस लागते. ऋषिपंचमी कधी ऑगस्टच्या अखेरीस येते, कधी सप्टेंबरच्या मध्यास. म्हणजे हाती सुमारे ८० ते १०० दिवस असतात. प्रत्येक भाजीचा काळ निराळा, म्हणून पंचमीपासून मागे मोजत पेरणी करावी.

कोहळ्याला सर्वांत अधिक वेळ लागतो, जवळजवळ शंभर दिवस. त्याचे बी मृगाच्या आधीच कुंडीत किंवा द्रोणात रुजवून ठेवावे व पाऊस पडताच आळ्यात लावावे. पडवळ आणि दोडका दोन महिन्यांत फळावर येतात. त्यांना मांडव हवा, आणि तो वेल चढण्यापूर्वी घालावा. भेंडी व चवळी पन्नास-साठ दिवस घेतात. अंबाडीची पाने महिना-सव्वा महिन्यात खुडता येतात, माठाला तेवढेही नकोत. तो श्रावणात पेरला तरी चालतो. धोप्याचे कंद मृगावर लावावेत. सुरणाला सात-आठ महिने लागत असल्याने पंचमीसाठी मागल्या हिवाळ्यातला कंद राखून ठेवणे हाच मार्ग आहे.

आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. म्हणून पावसाळ्यातील वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा व बाजूने चर काढावा. कुदळीने माती मोकळी करून कुजलेले शेणखत मिसळले की नांगराचे कामच उरत नाही. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त याहून पुढची युक्ती सांगितली आहे. प्रथम जमिनीत तीळ पेरावेत आणि ते फुलावर आले की तेथेच मातीत तुडवावेत. ज्याला आज हिरवळीचे खत म्हणतात ते हेच, आणि हा ग्रंथ सहाव्या शतकातला आहे.

एकाच वाफ्यावर किती सण उभे राहतात पाहा. तृतीयेस हरितालिकेची पत्री, चतुर्थीस दूर्वा, आघाडा, माका, पंचमीस ऋषीची भाजी आणि लगोलग महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या. चार पूजांची सामग्री ज्या घराच्या परसात आहे ते घर श्रीमंत.

पाणी: केव्हा आणि किती

वाशीमचे पठार म्हणजे पाण्याची वाटणी करणारा पाट आहे. येथे पडलेला पाऊस काही पैनगंगेवाटे गोदावरीकडे जातो, काही काटेपूर्णेवाटे पूर्णा व तापीकडे. पाणी येथून निघून जाते, थांबत नाही. चैत्र-वैशाखात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते, तेथे भाजीला पाणी कोठून आणावे, हा प्रश्न खरा आहे.

याचे पहिले उत्तर वराहमिहिराने दिले आहे. लावलेल्या रोपास उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे, हिवाळ्यात दिवसाआड आणि पावसाळ्यात भूमी सुकली तरच. त्यातले तिसरे सूत्र सर्वांत महत्त्वाचे. काळ्या मातीचा वरचा पापुद्रा लवकर भेगाळतो, पण खाली ओल असते. बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर झारी ठेवून द्यावी. श्रावणातल्या उघाडीत मात्र विसरू नये, कारण तेव्हाच वेल फुलावर असतात. मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही. तेथे थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे.

दुसरे उत्तर स्वयंपाकघरात आहे. तांदूळ, डाळी, भाजी धुतलेले पाणी मोरीत न सोडता बादलीत धरावे; चार आळ्यांचे त्यात भागते. साबणाचे पाणी पालेभाजीवर घालू नये. न्हाणीचे पाणी जेथे जाते तेथे धोपा व केळ लावण्याची आपली जुनी रीत आहे, ती शहाणपणाची आहे.

तिसरे उत्तर कुंभाराकडे मिळते. बिनरंगाचे भाजलेले मडके गळ्यापर्यंत मातीत पुरावे, पाण्याने भरावे, भोवती वेल लावावेत आणि तोंडावर झाकण ठेवावे. न झाकल्यास डास होतात. मडके झिरपत राहते व मुळे हवे तेवढेच पाणी ओढतात. चीनमधील फान शेंगझी या कृषिपंडिताने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की उन्हाळ्यातही वाफा तगतो.

पाणी घालणे हे आपल्या वाङ्मयात कधीच हलके काम नव्हते. कण्वांच्या आश्रमात शकुंतला व तिच्या सख्या आपापल्या शक्तीला झेपतील एवढेच घडे घेऊन निघतात. झाडांना पाणी दिल्यावाचून शकुंतला स्वतः पाणी पीत नसे. ‘रघुवंशा’त वसिष्ठांच्या आश्रमातील मुनिकन्या आळी भरताच झाडांपासून दूर होतात, कारण आळ्यातले पाणी प्यायला येणाऱ्या पाखरांना भय वाटू नये. ऋषींचे घर कसे असते, हे कालिदासाने या पाण्याच्या आळ्यातून सांगितले. त्या वसिष्ठांनाच आपण पंचमीस अर्घ्य देतो.

अंगण नसेल तर

वाडे पडले, सांदवाडी गेली, सिमेंटच्या घरांना परस उरले नाही, ही अडचण खरी आहे. परंतु गच्चीवरच्या फुटक्या बादलीत माठ येतो, तेलाच्या डब्यात भेंडी येते, गॅलरीच्या गजांवर दोडका चढतो. बुडाला भोक पाडलेले असावे आणि दिवसातून चार-पाच तास ऊन मिळावे, एवढीच अट. या भाज्यांपैकी एक जरी स्वतःच्या हातची असली तरी पंचमीच्या पानात आपल्या श्रमाचा अंश पडतो.

शेवटी बियाण्याविषयी. संकरित बी धरून ठेवले तर पुढल्या वर्षी तसेच फळ येत नाही; गावरान बी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान वाण जतन केले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी केलेले काम मूळचे घरच्या बाईचे, वात्स्यायनांनी गृहिणीकडे सोपवलेले.

तेव्हा या पंचमीस एवढे करावे. ऋषीच्या भाजीसाठी कोहळे चिराल तेव्हा पिकल्या फळाचे बी फेकू नये. ते धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून कोरड्या डब्यात ठेवावे. दोडक्याचे व भेंडीचे कोवळे बी उगवत नाही, म्हणून त्यांचे एक-एक फळ वेलावर आणि झाडावर जून होऊ द्यावे. डब्यावर नाव घालावे आणि डबा देवघराशेजारी ठेवावा. मृगाचा पहिला पाऊस पडला की तो उघडावयाचा आहे.