के. के. रेंजचे भंगार आणि काट्यापलीकडचा माणूस

भंगारात पैसा आहे, हे नगर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. एमआयडीसीत लेथखाली साचणारा चुरा, साखर कारखान्यांतून दुरुस्तीच्या काळात निघणाऱ्या गंजलेल्या नळ्या, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीचे तांबे, या सगळ्याला गिऱ्हाईक आहे. हातगाडीवर पत्रा आणि बीड गोळा करणाऱ्यापासून जालन्याच्या पोलाद भट्ट्यांपर्यंत साखळी तयार आहे आणि तिच्यातला प्रत्येक जण किलोमागे आपला रुपया काढून माल पुढे सरकवतो. या साखळीचे एक टोक मात्र लष्कराच्या गोळीबार मैदानात जाते. नगर शहराजवळच्या खारे कर्जुने गावावरून या मैदानाला के. के. रेंज म्हणतात. नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलच्या रणगाड्यांचा सराव तिथे चालतो. अर्जुन रणगाड्यातून डागायच्या लेसर-मार्गदर्शित क्षेपणास्त्राची चाचणीही २२ सप्टेंबर २०२० रोजी तिथेच झाली. सराव आटोपला की धातू वेचायला माणसे आत शिरतात आणि अधूनमधून स्फोटाची बातमी येते. बातमीत ‘भंगार गोळा करण्यासाठी गेले असता’ हे शब्द असतात, मागोमाग ‘मनाई असतानाही’ हे येते आणि विषय तिथेच मिटतो. खरे तर विषय तिथून सुरू व्हायला हवा. मरणारा माणूस मनाई मोडून आत गेला हे खरे आहे. पण त्याने आणलेला माल ज्या काट्यावर चढतो, तो काटा राजरोस चालू असतो.

मैदानात उरते काय, ते आधी पाहू. काडतुसाच्या पुंगळ्यांचे पितळ म्हणजे साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त. तोफगोळ्याच्या बुडाकडच्या बाजूला तांब्याचा पट्टा असतो. तोफेच्या नळीतल्या आट्यांत रुतून गोळ्याला गरगर फिरवणे हे त्याचे काम. टोकाच्या फ्यूजमध्ये पितळ किंवा ॲल्युमिनियम असते. बाकीचे कवच पोलादाचे. लोखंडी भंगाराला किलोला तिसेक रुपये मिळत असतील, तर तांब्या-पितळेचा भाव शेकड्यांत जातो. म्हणजे किंमत आहे ती मुख्यतः पुंगळीत, पट्ट्यात आणि टोकात. पुंगळी तोफेच्या किंवा बंदुकीच्या मागेच पडते, तिच्यात फारसा धोका नाही. पट्टा आणि फ्यूज मात्र गोळ्यालाच चिकटलेले असतात. गोळा नीट फुटला असेल तर त्यांचे तुकडे झालेले असतात. ते अखंड सापडले, तर गोळा बहुधा फुटलेलाच नसतो. कोठारातला गोळा त्या मानाने शांत असतो, कारण फ्यूजमधली सुरक्षेची कळ बंद असते. तोफेतून सुटतानाचा धक्का आणि गोळ्याचे फिरणे यांनी ती उघडते, आणि गोळा फुटला नाही म्हणून ती पुन्हा बंद होत नाही. डागलेला पण न फुटलेला गोळा असा कित्येक वर्षे मातीत पडून राहू शकतो. पट्टा सोडवायला छिन्नी लागते, टोक काढायला हातोडा. दोन्हींचा घाव बसतो तो याच गोळ्यावर.

धातू किलोवर विकला जातो, हीच इथली सगळ्यात घातक गोष्ट आहे. किलोवर पैसे मिळणार म्हटल्यावर वेचणाऱ्याचा हात साहजिकच जड आणि अखंड वस्तूकडे जातो. दिवसभर उन्हात बोटाएवढे तुकडे वेचून जे मिळेल, ते एका शाबूत गोळ्यात मिळते. एरवीच्या भंगारात या हिशेबाने कोणाचे बिघडत नाही. गोळीबार मैदानात मात्र सगळ्यात किफायतशीर नग हाच सगळ्यात धोक्याचा नग असतो. माणूस अडाणी होता, हावरट होता, असे म्हणून हे उलगडत नाही. बाजाराने त्याला जे शिकवले, तेच तो करत असतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. मैदान लष्कराचे, माल सरकारी, तो उचलणे ही चोरी. सरावाच्या तारखा आधी जाहीर होतात. १९३८ च्या गोळीबार सरावाच्या कायद्यात धोक्याच्या पट्ट्यातून माणसे हलवण्याची आणि नुकसानीच्या भरपाईची तरतूद आहे. सरावानंतर न फुटलेले गोळे शोधून निकामी करणे हाही लष्करी कामाचाच भाग असतो. मग दोष कोणाचा? चोरी ती चोरीच, हे मान्य करायला हरकत नाही. पण चोरीच्या मालाला एक घेणाराही असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, माल चोरीचा आहे असे समजायला कारण असूनही तो घेणारा दोषी ठरतो. तांब्याचा पट्टा किंवा तोफगोळ्याची पुंगळी हाती आल्यावर ‘हे कुठून आले ते कळले नाही’ असे म्हणणाऱ्या भंगार व्यापाऱ्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. पितळेचा कस नुसत्या नजरेने सांगणाऱ्या माणसाला पुंगळी ओळखू येऊ नये? कुंपणाचा उपायही सुचवला जातो. नगर, पारनेर आणि राहुरी या तालुक्यांतल्या गावांच्या शिवारांना भिडलेले हे मैदान. गुरे-शेळ्या चारणाऱ्यांच्या वाटा त्याच माळावरून गेलेल्या. तिथे तार ओढली तरी ती टिकवायला माणसे लागतील, आणि तारही शेवटी धातूच आहे.

घेणाऱ्याला जबाबदार धरण्याची वाट या देशाने एकदा चोखाळलेली आहे. ३० सप्टेंबर २००४ रोजी गाझियाबादजवळच्या भूषण स्टीलच्या कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातल्या तोफगोळ्यांचा स्फोट झाला आणि दहा कामगार गेले. त्यानंतर धातूच्या भंगाराच्या आयातीचे नियम कडक झाले. सुट्ट्या भंगारासाठी जहाजात माल चढण्यापूर्वीच तपासणी करून दाखला घ्यावा लागू लागला: यात शस्त्रे नाहीत, दारूगोळा नाही, जिवंत वा वापरलेली काडतुसे नाहीत, किरणोत्सारी काही नाही. परदेशी बंदरातून येणाऱ्या भंगाराला असा दाखला लागतो. खारे कर्जुन्याहून तासाभराच्या अंतरावरच्या गोदामात जाणाऱ्या भंगाराला लागत नाही. छोट्या व्यापाऱ्याला कागदपत्रे झेपणार नाहीत, हा बचावही आता लंगडा पडला आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेतले, तर जीएसटी भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर टाकली आहे. बिलही त्यानेच स्वतः करायचे. करासाठी नोंद ठेवणे जमते, तर त्याच नोंदीत ‘दारूगोळ्याचे अवशेष नाहीत’ एवढी एक ओळ आणि विकणाऱ्याची ओळख का बसत नाही?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो गावांतूनच येतो. घेणाऱ्याला आवळले की भाव पडेल, धंदा चोरवाटेने जाईल आणि वेचणाऱ्याला आणखी कमी पैशात आणखी मोठा धोका पत्करावा लागेल. हे खोटे नाही. पर्जन्यछायेतला हा भाग, खरिपाची बाजरी गेली की हाताला काम नाही. त्यातही राहुरी तालुक्याने मुळा धरणाला जमीन दिली, कृषी विद्यापीठाला दिली, आणि मैदानाच्या विस्ताराची टांगती तलवार वर आहेच. नुसता बंदोबस्त केला तर आक्षेप खरा ठरेल. म्हणून बंदोबस्ताच्या जोडीला मैदान साफ करण्याचे काम गावांतल्या निवडक माणसांना प्रशिक्षण देऊन, लष्कराच्या देखरेखीखाली आणि रोजावर दिले पाहिजे. रोजावर, किलोवर नाही. सगळी मेख इथे आहे. दिवसाचा दाम ठरलेला असला की शाबूत गोळा दिसल्यावर तो उचलण्यात काहीच फायदा उरत नाही; खूण लावायची, मागे सरायचे आणि जाणकाराला बोलवायचे, हेच मग सोयीचे होते. गोळा झालेले पितळ-लोखंड लष्कराने तपासून लिलावात काढावे आणि रोजाचा खर्च त्यातून जमेल तितका भागवावा. युद्धाने पोळलेल्या व्हिएतनामच्या क्वांग त्री प्रांतातही बॉम्बचे भंगार वेचणे हे कित्येकांच्या मृत्यूचे कारण होते. तिथे २००१ पासून ‘प्रोजेक्ट रिन्यू’सारख्या उपक्रमांत स्थानिक लोकच प्रशिक्षण घेऊन पगारावर जमीन साफ करतात. आपल्याकडे पुण्यात १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरा वेचणाऱ्यांना ओळखपत्रे मिळवून दिली आणि वेचण्याला काम म्हणून मान्यता मिळवली. मैदानाचा प्रश्न वेगळा आहे, पण वेचणाऱ्याचे नाव-गाव कागदावर आले की त्याच्याशी बोलता येते, एवढे तिथून घेता येईल.

गावकऱ्यांना कामाला लावले की झाले, असेही नाही. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारालगत २० नोव्हेंबर २०१८ रोजी मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले. त्यांत आसपासच्या गावांतले, ठेक्यावर आणलेले मजूर होते. काम अधिकृत होते, ठेका होता, माणसे तरीही गेली. म्हणून ठेकेदार मधे घालून स्वस्तात माणसे आणण्याच्या मार्गाने हा प्रश्न सुटणार नाही. प्रशिक्षण, विमा आणि काम थांबवण्याचा अधिकार यांतले काहीही कमी पडले, तर रोजावरचे कामही जिवावर बेतेल, आणि तेव्हा ‘मनाई असतानाही’ असे म्हणायलाही जागा उरणार नाही.

राहिला सुरक्षेचा मुद्दा: लष्करी हद्दीत गावकऱ्यांना सोडले तर गुपिते फुटतील. पण आज जे चालले आहे, त्यात कोण, कधी, कुठून आत आले आणि काय घेऊन बाहेर पडले, याचा हिशेब कोणाकडेच नाही. गुपिताची काळजी असेल तर नावनिशीवार यादी, ठरलेली वेळ आणि सोबत जवान हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. काम लगेच सगळ्या मैदानावर सुरू करायचीही गरज नाही. एका सरावानंतर, गावाच्या बाजूच्या एका पट्ट्यात आठवडाभर ते करून पाहावे आणि त्याच आठवड्यात जिल्ह्यातल्या पितळ-तांबे घेणाऱ्या गोदामांच्या वह्या पोलीस आणि जीएसटी खात्याने मिळून तपासाव्यात. वहीत किती पुंगळ्या ‘जुनी भांडी’ म्हणून चढल्या आहेत, ते तेवढ्यात दिसेल.