मँगनीजची धूळ आणि बदललेली चाल

तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण उघडी खाण म्हणून ओळखली जाते. वरची माती व निकामी दगड काढून, पायऱ्यांसारखे टप्पे पाडत खाली जायचे, ही तिची पद्धत. नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यात प्राचीन समुद्राच्या तळाशी मँगनीजयुक्त गाळ साचला व खोल गाडला जाऊन उष्णतेने, दाबाने टणक झाला. त्यातील एका खडकाला फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिले. जमिनीलगत हवापाण्याने मँगनीजचे काळे ऑक्साइड बनले. टॉर्चच्या साध्या सेलमधील काळी पूड मुख्यतः त्याचीच.

टप्प्यावर भोके पाडून सुरुंग उडवायचा, दगड डंपरने वर आणायचा, फोडून निवडायचा. धूळ प्रत्येक ठिकाणी उडते. तिच्यातील गारेच्या बारीक कणांमुळे सिलिकोसिस होतो, हे अनेकांना ठाऊक आहे. मँगनीज मात्र मेंदूवर जाते.

वास्तविक मँगनीज गव्हा-तांदळात असते, चहात तर बरेच. पोटातून गेलेले जादा मँगनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातून शिरलेले यकृताला चुकवून रक्तात व मेंदूत पोहोचू शकते आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात साचते. १८३७ साली ग्लासगोच्या डॉ. जॉन कूपर यांनी काळे ऑक्साइड दळणाऱ्या कामगारांत हा विकार नोंदविला.

तो प्रत्येकाला होतो असे नाही. धूळ किती व किती वर्षे, यावर ते ठरते. खोकला नसतानाही सुरुवात होऊ शकते. शांत माणूस चिडचिडा होतो, विनाकारण हसतो-रडतो, झोप बिघडते. पुढे चेहरा निर्विकार होतो, आवाज पुटपुटल्यासारखा येतो, माणूस चवड्यांवर चालू लागतो, मागे सरकताना तोल जातो. घरच्यांना वाटते, दारू वाढली! कंपवातासारखे दिसले तरी त्यावरील गोळ्यांचा फारसा गुण येत नाही. वेळीच धुळीपासून दूर झाल्यास सुधारणा होऊ शकते. उशीर झाला तर काम सोडल्यावरही दोष वाढू शकतो.

म्हणून डॉक्टरांना रोग्याचे काम आणि त्याची वर्षे आवर्जून सांगावीत, तो निवृत्त असला तरी. डॉक्टर आपणहून विचारतीलच असे नाही. भोके पाडताना पाणी वापरले तर धूळ बरीच दबते. तोंडाला बांधलेला दुपट्टा बारीक धूळ अडवत नाही, योग्य मास्कच हवा. कामाचे कपडे खाणीवरच बदलावेत, घरच्या अंगणात झटकू नयेत.