पुरुषांमधील ताठरताविकार आणि शस्त्रक्रियाविरहित शॉकवेव्ह उपचार : तत्त्व, पुरावा व मर्यादा

सारांश

पुरुषांमधील ताठरताविकारावर कमी तीव्रतेच्या शॉकवेव्हचा उपचार २०१० पासून वैद्यकीय चर्चेत आहे. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, रोजची गोळी नाही, अशी या उपचाराची ओळख करून दिली जाते. प्रस्तुत लेखात या उपचारामागील शरीरशास्त्रीय व भौतिक तत्त्व, उपलब्ध चाचण्यांचे निष्कर्ष आणि त्यांच्या मर्यादा यांचा आढावा घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : ताठरताविकार, शॉकवेव्ह, रक्तवाहिन्या, नायट्रिक ऑक्साइड, नियंत्रित चाचणी.

प्रस्तावना

लैंगिक आरोग्याविषयी शास्त्रीय भाषेत बोलण्याची परंपरा मराठीला नवीन नाही. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असलेल्या र. धों. कर्वे यांनी नोकरी सोडल्यानंतर १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ते चालविले. तरीही या विषयाभोवतीचा संकोच पूर्णपणे ओसरलेला नाही. संकोचामुळे रुग्ण डॉक्टरांकडे जात नाही. तो जाहिरातीकडे जातो. पूर्वी ही जाहिरात भिंतीवर किंवा रेल्वेच्या डब्यात असे. आता तीच जाहिरात यंत्राची, तंत्रज्ञानाची भाषा बोलू लागली आहे. म्हणून या तंत्रज्ञानात तथ्य किती आणि दावा किती, हे तपासणे आवश्यक ठरते.

समाधानकारक समागमासाठी आवश्यक ती ताठरता न येणे किंवा आलेली ताठरता न टिकणे, आणि हे सातत्याने घडणे, यास ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ असे म्हणतात. एखाद्या वेळी थकव्यामुळे वा चिंतेमुळे आलेले अपयश म्हणजे विकार नव्हे. ‘नपुंसकत्व’ हा रूढ शब्द अवमानकारक तर आहेच, शिवाय तो वंध्यत्वाशी गल्लत करणारा आहे. म्हणून येथे ‘ताठरताविकार’ ही संज्ञा वापरली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ४० ते ७० वयोगटातील पुरुषांच्या पाहणीत (१९९४) ५२ टक्के पुरुषांमध्ये हा विकार कमी-अधिक प्रमाणात आढळला होता. पूर्ण स्वरूपाचा विकार सुमारे १० टक्के पुरुषांमध्ये होता.

ताठरतेची शरीरक्रिया

ताठरता ही मूलतः रक्ताभिसरणाची क्रिया होय. शिश्नामध्ये स्पंजासारख्या ऊतीचे दोन दंडगोल असतात. लैंगिक उत्तेजनेनंतर मज्जातंतूंची टोके आणि रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर यांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू स्रवतो. त्यामुळे पेशींमध्ये ‘सायक्लिक जीएमपी’ हे द्रव्य वाढते, गुळगुळीत स्नायू सैल पडतात, धमन्या रुंदावतात आणि दंडगोलांत रक्त भरते. फुगलेल्या ऊतीमुळे बाहेरच्या चिवट आवरणाखालील शिरा दाबल्या जातात आणि रक्त आत अडकून राहते. रक्त आत येणे आणि ते आत राहणे, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच ताठरता टिकते.

सिल्डेनाफिल हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते सायक्लिक जीएमपीचे विघटन करणाऱ्या विकराला रोखते. नायट्रिक ऑक्साइडच्या कार्याचा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो व म्युराद या शास्त्रज्ञांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ही गोळी घेतल्यानंतर काही काळच परिणाम दाखविते. मूळ रक्तवाहिनी ती दुरुस्त करीत नाही. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णांना तर ती वर्ज्य आहे, कारण दोहोंच्या संयोगाने रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. मूळ बिघाडच सुधारता येईल काय, या प्रश्नातून शॉकवेव्ह उपचाराचा विचार पुढे आला.

शॉकवेव्ह म्हणजे काय?

शॉकवेव्ह हा ध्वनितरंगाचाच एक प्रकार होय. त्यात दाब काही नॅनोसेकंदांत शिखर गाठतो, मग झपाट्याने उतरून क्षणभर ऋण होतो. हा तरंग विद्युत ठिणगी, विद्युतचुंबकीय पडदा किंवा दाबविद्युत स्फटिक यांच्या साहाय्याने निर्माण करून शरीरातील ठरावीक बिंदूवर केंद्रित करता येतो. त्याची तीव्रता ऊर्जा-घनतेने, म्हणजे दर चौरस मिलिमीटरमागे किती मिलिज्यूल ऊर्जा पोचते, या मापाने मोजतात.

या तंत्राचा पहिला मोठा उपयोग मूत्रखड्यांसाठी झाला. फेब्रुवारी १९८० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे पहिल्या रुग्णाचा मूत्रखडा शरीराबाहेरून सोडलेल्या शॉकवेव्हने फोडण्यात आला. तेथे उच्च ऊर्जा वापरून खडा फोडणे हे उद्दिष्ट असते. ताठरताविकारात मात्र ऊर्जा अत्यल्प ठेवून ऊतीला केवळ सौम्य यांत्रिक ताण देणे अपेक्षित असते. या ताणाला प्रतिसाद म्हणून पेशी नव्या केशवाहिन्यांच्या वाढीस चालना देणारी द्रव्ये निर्माण करतात, असे गृहीतक आहे. जपानमधील क्यूशू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये रक्तपुरवठा कमी झालेल्या डुकरांच्या हृदयावर असे तरंग सोडले, तेव्हा हृदयाचा रक्तपुरवठा व कार्य सुधारल्याचे आढळले. हेच तत्त्व पुढे शिश्नाच्या रक्तवाहिन्यांना लावून पाहण्यात आले. मानवी शिश्नात नव्या वाहिन्या प्रत्यक्ष तयार होतात, याचा थेट पुरावा मात्र अपुरा आहे. बहुतांश आधार प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे.

चाचण्यांचा पुरावा

इस्रायलमधील हैफा येथील वार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २० पुरुषांवरील प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा असे तीन आठवडे उपचार, मग तीन आठवडे विश्रांती आणि पुन्हा तीन आठवडे उपचार, असा क्रम होता. प्रत्येक बैठकीत पाच ठिकाणी प्रत्येकी ३०० तरंग देण्यात आले आणि ऊर्जा-घनता ०.०९ मिलिज्यूल इतकी ठेवण्यात आली. म्हणजे १२ बैठकांत एकूण १८,००० तरंग. भूल द्यावी लागली नाही.

परिणाम मोजण्यासाठी १९९७ मध्ये तयार झालेली आंतरराष्ट्रीय प्रश्नावली वापरली जाते. तिच्या ताठरताविषयक भागात कमाल ३० गुण असतात. २६ वा अधिक गुण म्हणजे विकार नाही, तर १० वा कमी म्हणजे तीव्र विकार. वरील अभ्यासात सरासरी गुण १३.५ वरून एका महिन्यानंतर २०.९ झाले. तथापि या अभ्यासात तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता, ही त्याची मूलभूत उणीव होती.

ही उणीव त्याच गटाने २०१२ मध्ये ६७ पुरुषांवरील चाचणीत दूर केली. काहींना खरा उपचार, तर काहींना तसाच दिसणारा व तसाच आवाज करणारा, पण ऊर्जा न पोचविणारा आभासी उपचार देण्यात आला. खऱ्या उपचाराच्या गटात सरासरी ६.७ गुणांची, तर आभासी गटात ३ गुणांची वाढ झाली. या दोन आकड्यांपैकी दुसरा आकडा अधिक बोधप्रद आहे. काहीही न देता केवळ विश्वासाने ३ गुण वाढत असतील, तर ‘उपचारानंतर बरे वाटले’ या रुग्णाच्या अनुभवकथनावरून उपचाराचे मूल्यमापन करता येणार नाही, हे उघड आहे.

पुढील चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. डेन्मार्कमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२६ पुरुषांवरील नियंत्रित चाचणीत आभासी उपचारापेक्षा उल्लेखनीय लाभ दिसला नाही. त्याच वर्षी सात नियंत्रित चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात एकंदर लाभ दिसून आला. परंतु चाचण्यांमधील यंत्रे, ऊर्जा, तरंगांची संख्या आणि रुग्णनिवड परस्परभिन्न असल्यामुळे अशी एकत्रित सरासरी काढताना सावधगिरी आवश्यक असते. परिणाम किती टिकतो, हाही प्रश्न आहे. हैफाच्या गटाने १५६ रुग्णांचा पाठपुरावा करून २०१८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, उपचारानंतर एका महिन्याने ६३.५ टक्के रुग्णांना लाभ झाला होता. त्यांपैकी सुमारे निम्म्या, म्हणजे ५३.५ टक्के रुग्णांमध्ये तो दोन वर्षांनी टिकून होता. तीव्र विकार आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तो लवकर ओसरला.

या पुराव्याकडे तज्ज्ञ संस्था वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात. अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा उपचार ‘संशोधनाधीन’ मानला. युरोपीय संघटनेने रक्तवाहिन्यांशी संबंधित सौम्य विकारात त्याचा विचार करता येईल असे म्हटले, परंतु ही शिफारस दुर्बल श्रेणीची ठेवली. गंभीर दुष्परिणाम चाचण्यांत क्वचितच नोंदले गेले, ही जमेची बाजू होय. तथापि निरुपद्रवी असणे म्हणजे उपयुक्त असणे नव्हे.

कोणास उपयोगी, कोणास नाही?

सौम्य ते मध्यम, रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून उद्भवलेला विकार आणि गोळीला काही प्रमाणात प्रतिसाद, अशा रुग्णांत लाभाची शक्यता त्यातल्या त्यात अधिक दिसते. विकाराचे कारण चिंता, नैराश्य किंवा दांपत्यातील तणाव हे असेल, तर तरंगांनी मूळ कारणास स्पर्शही होत नाही. तेथे समुपदेशन आवश्यक असते. संप्रेरकांची कमतरता वा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम असेल, तर त्यावरच इलाज करावा लागतो.

यंत्रायंत्रांतील फरक

‘शॉकवेव्ह’ या नावाखाली दोन भिन्न यंत्रे वापरली जातात, ही बाब सर्वसामान्य रुग्णास ठाऊक नसते. वर वर्णन केलेल्या चाचण्या प्रामुख्याने खऱ्या शॉकवेव्ह यंत्रांवर झाल्या. दुसरे यंत्र ‘रेडियल’ होय. त्यात संपीडित हवेने ढकललेला धातूचा तुकडा टोकावर आपटतो. या तरंगाचा दाब कमी असतो, तो सावकाश वाढतो, त्वचेपाशी सर्वाधिक असतो आणि खोल जाताना विरत जातो. भौतिकशास्त्रीय व्याख्येनुसार ही शॉकवेव्हच नव्हे. हे यंत्र तुलनेने स्वस्त असून टाच व खांद्याच्या दुखण्यांवर वापरले जाते. एका यंत्रावरील पुरावा दुसऱ्या यंत्राच्या जाहिरातीत वापरणे ही दिशाभूल ठरते.

सामाजिक व कायदेशीर बाजू

भारतात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने लैंगिक क्षमता वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींवर बंदी घातली आहे. असे असूनही अशा जाहिराती थांबलेल्या नाहीत.

याहून गंभीर मुद्दा आरोग्याचा आहे. शिश्नाच्या धमन्यांचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर, तर हृदयाच्या धमन्यांचा ३ ते ४ मिलिमीटर असतो. धमन्या आतून अरुंद होण्याचा विकार संपूर्ण शरीरात एकाच वेळी चालू असतो. मात्र लहान धमनी आधी चोंदते. त्यामुळे ताठरताविकार ही अनेकदा पुढे होणाऱ्या हृदयविकाराची काही वर्षे आधी मिळालेली सूचना असते. मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही दोहोंची समान कारणे होत. रक्तशर्करा वा रक्तदाब न तपासता जो रुग्ण थेट तरंगांच्या बैठकांसाठी पैसे भरतो, तो केवळ पैसाच नव्हे, तर वेळेवर मिळालेली सूचनाही गमावतो.

निष्कर्ष

१) कमी तीव्रतेच्या शॉकवेव्ह उपचारामागे तर्कसंगत शास्त्रीय गृहीतक आहे, तो भोंदूपणा नव्हे.

२) निवडक रुग्णांमध्ये माफक लाभ दिसतो, परंतु निष्कर्ष परस्परविरोधी आहेत आणि लाभाच्या टिकाऊपणाची खात्री नाही.

३) यंत्राचा प्रकार, ऊर्जा व बैठकांची संख्या स्पष्ट न करता दिलेला उपचार पुराव्यावर आधारित म्हणता येत नाही.

४) ताठरताविकाराच्या प्रत्येक रुग्णाने प्रथम मधुमेह, रक्तदाब व हृदय यांची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. व्यायाम, वजननियंत्रण व धूम्रपानत्याग हे उपाय ताठरता आणि हृदय या दोहोंस हितकारक आहेत.

५) महाविद्यालयांतील आरोग्यविषयक कार्यक्रमांत या विषयास स्थान मिळाल्यास संकोच कमी होईल आणि संकोचावर चालणारा व्यापारही आटोक्यात येईल.